आधी चहा, मग चौकशी

कॅन्सर हा शब्द घरात शिरला की सगळ्यांचे आवाज खाली येतात. 'मुलीच्या सासरी कळायला नको', 'मोहल्ल्यात कशाला सांगायचे', असे म्हणत बातमी दाबली जाते. कळलीच तर इयादतीला माणसे येतात. आजाऱ्याला भेटायला जाणे हा मुसलमानाचा मुसलमानावर हक्क आहे आणि तो आपल्याकडे मनापासून पाळलाही जातो. पण आलेल्या माणसांसमोर आजारी बाईलाच हसून बसावे लागते, चहाचे बघावे लागते आणि रडणाऱ्यांची समजूतही काढावी लागते. मग तिने स्वतः रडायचे कुठे? घरात माणसे आणि दवाखान्यात बाकडे.

हाच प्रश्न स्कॉटलंडमध्ये एका बाईला पडला होता. तिचे नाव मॅगी केसविक जेंक्स. बागा हा तिच्या अभ्यासाचा विषय, आणि चीनमधल्या बागांवरचे तिचे पुस्तक 1978 साली आलेले. नवरा चार्ल्स जेंक्स वास्तुकलेचा नामांकित समीक्षक. 1988 मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर झाला, बरा झाला आणि 1993 मध्ये परत आला. एडिनबराच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी सांगितले की हातात फक्त काही महिने आहेत. बाहेर पुढचे पेशंट ताटकळत होते, म्हणून ते ऐकून नवरा-बायकोला उठावे लागले. बसायला मिळाला तो खिडकी नसलेला बोळ. डॉक्टर वाईट नव्हते आणि उपचारही चांगले होते. पण एवढी मोठी बातमी घेऊन बसायला त्या इमारतीत जागाच नव्हती.

मॅगीने नव्या औषधांच्या चाचणीत भाग घेतला आणि मिळालेल्या वेळात एक आराखडा तयार केला. इस्पितळाच्या आवारात, पण इस्पितळासारखे न दिसणारे एक घर. 1995 मध्ये ती वारली. पुढच्या वर्षी त्याच आवारातल्या एका जुन्या तबेल्याचे रूप पालटून पहिले केंद्र उघडले. तिची शुश्रूषा करणारी नर्स लॉरा ली पुढे या संस्थेची प्रमुख झाली. आज ब्रिटनमध्ये अशी वीसहून अधिक केंद्रे आहेत. हाँगकाँग, टोकियो आणि बार्सिलोना इथेही आहेत. तिथे औषध मिळत नाही, ते शेजारच्या इस्पितळात. इथे बोलायला जाणकार माणूस भेटतो, आहाराची आणि पैशाच्या मदतीची माहिती मिळते. सगळे मोफत, आणि आधी वेळ घ्यायची गरज नाही. पेशंटबरोबर घरच्यांनीही यावे.

आम्हाला सर्वांत जास्त आवडला तो वास्तुशिल्पकारांना दिला जाणारा कागद. तो सगळ्या केंद्रांना जवळपास सारखाच असतो आणि साध्या बोलीत लिहिलेला असतो. दारात काउंटर नको. आत पाऊल टाकताच माणसाला कळले पाहिजे की इथे काय चालते. मध्यभागी स्वयंपाकघर आणि त्यात मोठे टेबल. आलेल्याने स्वतः चहा करून घ्यावा, बोलावेसे वाटले तर बोलावे, नाहीतर गप्प बसावे. खिडकीतून झाड, गवत, आकाश दिसावे. आणि संडास-बाथरूम दाराखाली फट असलेले, ओळीतले नकोत. दार पूर्ण लागणारे, आत बेसिन आणि आरसा असलेले हवे. म्हणजे आत जाऊन पोटभर रडता येते आणि तोंड धुऊन बाहेर येता येते. हे कलम रुग्ण बाईशिवाय कोणाला सुचले असते, असे आम्हाला वाटत नाही.

हा कागद घेऊन जगातल्या मोठमोठ्यांनी घरे बांधली. डंडीचे केंद्र फ्रँक गेरी यांचे. मँचेस्टरचे नॉर्मन फॉस्टर यांचे. ते स्वतः त्याच शहरातले आणि कॅन्सरमधून बरे झालेले. आपल्या वाचक भगिनींना मात्र कर्कॉडी गावचे केंद्र जवळचे वाटेल. ते 1950 साली बगदादमध्ये जन्मलेल्या मरहूम झाहा हदीद यांनी बांधले. वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार 2004 मध्ये मिळवणारी ही पहिली स्त्री. मॅगी तिची मैत्रीण होती. 2006 साली उघडलेली ही छोटीशी वास्तू हदीद यांची ब्रिटनमधली पहिली कायमची इमारत. बाहेरून काळी, घडी घातल्यासारखी, इस्पितळाकडे जवळजवळ पाठ करून बसलेली. आत सगळे पांढरे, तिकोनी झरोक्यांतून येणारा उजेड आणि समोर काचेपलीकडे झाडांनी भरलेला उतार.

इमारतीने कॅन्सर बरा होतो असे कोणी म्हणत नाही. चार्ल्स जेंक्स यांनीही तसा दावा केला नाही. पण 1984 मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतल्या एका इस्पितळातल्या 46 पेशंटच्या नोंदी तपासल्या होत्या. सगळ्यांचे पित्ताशयाचे ऑपरेशन झालेले. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जालीम औषधेही कमी लागली.

आपल्या पूर्वजांना हे नवे वाटले नसते. दमिश्कमध्ये नूरुद्दीन झंगी यांनी 1154 मध्ये बांधलेला बीमारिस्तान अंगणाभोवती उभा आहे आणि अंगणात पाण्याचा हौद आहे. तुर्कस्तानात एडिर्ने इथे सुलतान बायझीद दुसरे यांनी 1488 मध्ये उभारलेल्या शिफाखान्यात घुमटाखाली कारंजे आहे. तिथे रुग्णांसाठी संगीत वाजवले जाई, असे सतराव्या शतकातले प्रवासी एवलिया चेलेबी यांनी लिहून ठेवले आहे. आम्ही मात्र दवाखाना म्हटले की फरशी, ट्यूबलाइट आणि टोकन एवढेच डोळ्यांपुढे आणतो.

परळचे टाटा मेमोरियल 1941 पासून देशभरच्या रुग्णांना घेते आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा त्यांतल्या कितीतरी जणांना छप्पर देते. हे काम फार मोठे आहे. त्याला जोड म्हणून आपल्या जमाती, ट्रस्ट आणि मुसाफिरखान्यांनी एखादी खोली काढायला हरकत नाही. त्यासाठी नामांकित वास्तुशिल्पकार लागत नाही. टेबल, किटली, उजेडाच्या बाजूला खिडकी. वाकणे जमत नाही अशा माणसाला बसून वुजू करता येईल असा नळ, नमाजसाठी दोन खुर्च्या. केमोने केस गेलेल्या बाईला ओढणी नीट करायला कडी लागणारे दार आणि आतमध्ये आरसा. वर बोर्डावर 'कॅन्सर' लिहू नये, नाहीतर दार लोटायलाच बायका कचरतील.

आणि खोली रंगवायच्या आधी उपचार घेतलेल्या दोन-चार बायकांना बोलावून विचारावे, आरसा कुठे लावू?