डेटाबेस कॉन्फिगरेशन फायलींचे ग्राफिकल संपादन

डेटाबेस सर्व्हर सुरू होताना काही साध्या मजकूर-फायली वाचतो. किती मेमरी वापरावी, कोणत्या पोर्टवर जोडणी स्वीकारावी, कोणास प्रवेश द्यावा, हे या कॉन्फिगरेशन फायलींवरून ठरते. त्या हाताने न लिहिता खिडक्या, रकाने व बटणे असलेल्या साधनातून बदलणे यास ग्राफिकल संपादन म्हणतात.

फायली

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये सर्वसाधारण मूल्ये ‘पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फ’ या फाइलमध्ये, तर प्रवेशाचे नियम ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’मध्ये असतात. प्रवेशाच्या नियमांत ओळींचा क्रम महत्त्वाचा असतो. लागू पडणारी पहिलीच ओळ ग्राह्य धरली जाते. मायएसक्यूएलची फाइल लिनक्सवर ‘माय.सीएनएफ’, तर विंडोजवर ‘माय.आयएनआय’ या नावाने आढळते.

साधने

मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये ‘ऑप्शन्स फाइल’ या विभागातून मूल्ये बदलता येतात. पीजीॲडमिन ३ मध्ये पोस्टग्रेस्क्यूएलच्या दोन्ही फायलींसाठी संपादक होता. सर्व्हरमार्फत फाइल उघडण्यास ‘ॲडमिनपॅक’ हा विस्तार लागे. २०१६ साली आलेल्या पीजीॲडमिन ४ मध्ये हा संपादक ठेवण्यात आला नाही. तत्पूर्वी, २०१४ मधील पोस्टग्रेस्क्यूएल ९.४ पासून ‘ऑल्टर सिस्टिम’ ही आज्ञा उपलब्ध झाली होती. तिने केलेले बदल ‘पोस्टग्रेस्क्यूएल.ऑटो.कॉन्फ’ या वेगळ्या फाइलमध्ये जातात व मूळ फाइलमधील मूल्यांपेक्षा वरचढ ठरतात. त्यामुळे मूळ फाइल बदलूनही परिणाम दिसत नसेल, तर ही दुसरी फाइल तपासावी लागते.

देवनागरी मजकूर

मायएसक्यूएल ५.७ पर्यंत सर्व्हरची मूळ अक्षरप्रणाली ‘लॅटिन१’ होती. २०१८ मधील ८.० आवृत्तीपासून ती ‘यूटीएफ८एमबी४’ झाली. लॅटिन१ मध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. अशा तक्त्यात ‘सेलू’ हे गावाचे नाव भरल्यास, कडक तपासणी चालू असेल तर नोंद नाकारली जाते; बंद असेल तर स, एकार, ल व ऊकार या चार चिन्हांच्या जागी ‘????’ साठवले जाते. त्यानंतर फाइलमधील मूल्य सुधारले तरी गेलेली अक्षरे परत येत नाहीत. सुधारलेले मूल्य पुढे निर्माण होणाऱ्या डेटाबेसना लागू होते. जुने तक्ते स्वतंत्रपणे बदलावे लागतात.

मर्यादा व दक्षता

‘जतन करा’ हे बटण दाबले म्हणजे बदल अमलात आला असे नव्हे. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये ‘वर्क_मेम’सारख्या मूल्यांना फाइल पुन्हा वाचविणे पुरते, ‘शेअर्ड_बफर्स’ वा ‘मॅक्स_कनेक्शन्स’ यांसाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. चुकीच्या मूल्यामुळे सर्व्हर सुरूच झाला नाही, तर सर्व्हरमार्फत फाइल उघडणारे साधनही निरुपयोगी ठरते. बसलेली फांदीच तोडावी तशी ही स्थिती होय. मग संगणकावर थेट प्रवेश करून साध्या मजकूर-संपादकानेच दुरुस्ती करावी लागते. म्हणून बदलापूर्वी फाइलची प्रत ठेवणे, एका वेळी एकच मूल्य बदलणे आणि फाइलची जागा ठाऊक असणे आवश्यक मानले जाते.