नासपतीच्या चहात नासपती किती?



दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. ती जर्मनीत असते. येताना तिने आम्हा शिक्षकांसाठी 'नासपतीच्या फळचहा'चे खोके आणले. खोक्यावर पिवळ्याधमक नासपतीचे मोठे चित्र होते. उकळते पाणी ओतले आणि पाच मिनिटांत पेल्यात लालभडक रंग उतरला. चव चांगलीच आंबट. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, नासपती तर आतून पांढरी असते, मग हा चहा लाल कसा?" प्रश्न बिनतोड होता. उत्तर शोधताना जे हाती आले ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, हा चहाच नव्हे. आसामचा असो, दार्जिलिंगचा असो की निलगिरीचा, चहा होतो तो 'कॅमेलिया सायनेन्सिस' या एकाच झाडाच्या पानांपासून. फळचहात सहसा ते पान नसतेच, त्यामुळे कॅफीनही नसते. जर्मनीत लहान मुलांनाही तो देतात, त्याचे कारण हेच. आपल्या देशात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले, की या झाडापासून न बनलेल्या पेयाला 'चहा' म्हणणे दिशाभूल करणारे आहे. तेव्हा याला फळांचा काढा म्हणणेच बरे!

आता खोक्याची मागची बाजू पाहू. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जो घटक सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी. आमच्या खोक्यावर पहिले नाव होते सफरचंदाचे, दुसरे जास्वंदीचे, तिसरे जंगली गुलाबाच्या फळाचे. नासपती थेट पाचव्या जागी!

सफरचंदाचे सुकवलेले तुकडे पेयाला गोडवा आणि भरीवपणा देतात.

'जास्वंद' म्हणजे देवाला वाहतो ते फूल नव्हे. ही आहे लाल अंबाडी. आपले तेलुगू शेजारी जिला गोंगुरा म्हणतात आणि आपण जिच्या भाजीवर लसणाची फोडणी ओततो, तीच. पाकळ्या गळून गेल्यावर बोंडाभोवती जो मांसल लाल निदलपुंज उरतो, तो सुकवून वापरतात. पेल्यातला लाल रंग आणि आंबटपणा दोन्ही मुख्यतः त्याचेच. सातवीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले.

जंगली गुलाबाच्या फळात 'क' जीवनसत्त्व भरपूर असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री मिळेनाशी झाली, तेव्हा १९४१ पासून शाळकरी मुलांनीसुद्धा ही फळे गोळा केली आणि त्यांचे सिरप बालकांना देण्यात आले. मात्र हे जीवनसत्त्व उष्णतेने घटते. गरम पेल्यातून त्याची फार आशा धरू नये.

मग नासपती मागे का? ताज्या नासपतीत सुमारे ८४ टक्के पाणी असते. एक किलो फळ सुकवले, की जेमतेम दोनशे ग्रॅमच्या आसपास तुकडे उरतात. शिवाय तिचा मंद सुवास सुकवताना बराचसा उडून जातो. म्हणून यादीच्या शेवटी 'स्वाद' हा शब्द असतो. नासपतीचा जो वास आपल्याला येतो, तो बहुधा त्या स्वादाचा. यात बेकायदा काही नाही, पण आपण पैसे कशाचे देतो ते ठाऊक असावे.

मुलांसाठी एक प्रयोग. अंबाडीचे थंड झालेले लाल पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. पहिला पेला लालच राहील, दुसरा निळसर-हिरवट होईल. अंबाडीतले रंगद्रव्य आम्ल आणि आम्लारी ओळखते. प्रयोगाचे पाणी पिऊ नका.

पालकांसाठी दोन सूचना. या पेयाचा पीएच सुमारे ३ असतो आणि ५.५ च्या खाली दातांचे कवच झिजू लागते. म्हणून दिवसभर घोट-घोट पिण्याची सवय लावू नये. जेवणाबरोबर द्यावे, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. अंबाडीने रक्तदाब थोडा उतरतो. त्यासाठी औषध घेणाऱ्या आजी-आजोबांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

घरी करायचे असेल, तर पावसाळ्यात हिमाचल-काश्मीरची नासपती बाजारात येते. एक नासपती धुऊन, बिया काढून, सालीसकट बारीक चिरा. चार कप पाण्यात दालचिनीच्या लहान तुकड्याबरोबर दहा मिनिटे उकळा. विस्तव बंद करून अंबाडीचे दोन-तीन सुके निदलपुंज टाका, पाच मिनिटे झाकून ठेवा आणि गाळा. उरलेले फळ टाकू नका, खा. या पेयात नासपती खरोखर पहिल्या जागी असेल.

पुढच्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या एका खाद्यपदार्थाचे रिकामे पाकीट आणावे. पुढचे चित्र आणि मागची यादी यांचा मेळ बसतो का, ते आपण वर्गात मिळून पाहू.