सेरेब्रल पाल्सी : हात, बोटे आणि गणित

गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाढत्या मेंदूला इजा झाली, तर शरीराच्या हालचालींवर व तोलावर कायमचा परिणाम होतो. या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हा संसर्गजन्य रोग नव्हे आणि मेंदूतील इजा वयाबरोबर वाढतही नाही. यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्तींना बौद्धिक अक्षमताही असते, उरलेल्यांना नसते. परंतु हात वाकडा, बोलणे अस्पष्ट, म्हणजे बुद्धीही कमीच, असे आपण चटकन ठरवून टाकतो. या गैरसमजाचा फटका सर्वांत जास्त गणिताला बसतो. म्हणून या विषयाची थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

गणिताचा आणि हाताचा संबंध काय? आपण सारे मोजायला शिकलो ते बोटांवर. अंगठा पेरांवरून फिरवीत एका हाताच्या चार बोटांवर बारापर्यंत मोजणारी माणसे आजही घरोघरी आहेत. मूल चिंचोके एकेक करून बाजूला सारते, तेव्हा 'पाच' या शब्दाला अर्थ येतो. ज्या मुलाची बोटे आखडलेली असतात किंवा आपोआप हलत राहतात, त्याला हा अनुभव कमी मिळतो.

पुढे लेखी गणित येते. ४७ आणि ३८ यांची बेरीज करताना एककाखाली एकक, दशकाखाली दशक नीट लिहावे लागते. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. हा 'हातचा' खरे तर मनात धरायचा असतो. परंतु पाचाचा आकडा काढण्यातच ज्या मुलाचे सारे लक्ष खर्च होते, त्याचा हातचा तेवढ्यात निसटतो. उत्तर चुकते. शिक्षक म्हणतात, याला बेरीज येत नाही. वास्तविक तोंडी विचारले असते, तर 'पंच्याऐंशी' हे उत्तर कदाचित लगेच मिळाले असते.

अर्थात दोष केवळ हाताचा नसतो. काही मुलांना दृष्टीची, काहींना जागेचा व दिशेचा अंदाज घेण्याची, तर काहींना आठवणीत आकडे धरून ठेवण्याची अडचण असते. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या मुलांच्या अंकगणितातील चुकांमागे स्मरणशक्ती, बुद्ध्यांक व संख्यांची सुरुवातीची ओळख यांबरोबर आणखी एक कारण आढळले : त्यांना गणित शिकवण्यास मिळणारा वेळ! व्यायाम व उपचार आवश्यकच आहेत, पण त्यांपायी गणिताचा तास बुडाला तर मूल मागे पडणारच.

मग आपण काय करावे?

१. गणित येते की नाही हे तोंडी, अंकांची कार्डे दाखवून किंवा नजरेच्या खुणेने तपासावे. उत्तरास पुरेसा वेळ द्यावा.
२. मोठ्या चौकटींचा कागद, जाड पकडीची पेन्सिल व पाटीखाली न सरकणारे रबर वापरावे.
३. चिंचोक्यांऐवजी मुठीत मावतील अशा मोठ्या वस्तू घ्याव्यात. मोजणी मुलाने करावी, वस्तू हलविण्याचे काम दुसऱ्याने केले तरी चालेल.
४. हातचा लिहिण्यासाठी ठळक, वेगळी चौकट ठेवावी.
५. पाढे, बाजारहाट, सुट्टे पैसे यांतून रोज तोंडी हिशेब करून घ्यावा.

मुंबईत १९७२ साली डॉ. मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळविल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. एक बोट पुरले, कारण त्या बोटाची वाट पाहणारी माणसे भोवती होती.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम १७ नुसार परीक्षेत जादा वेळ व लेखनिक अशा सोयी द्यावयाच्या आहेत. ही मेहेरबानी नसून हक्क आहे. सभासदांनी आपल्या वस्तीतील अशा मुलांच्या पालकांपर्यंत ही माहिती पोचवावी. विद्यार्थी मित्रांनी आठवड्यातून एक तास अशा एखाद्या मुलाशेजारी बसून तोंडी गणित घ्यावे. उत्तर यायला वेळ लागेल, तो वेळ देणे आपल्या हाती आहे.