पत्र, कायदा आणि ‘स्मृतिचित्रे’ : करिंथकरांस पत्राच्या सातव्या अध्यायाचे एक मराठी वाचन

नव्या करारातील पत्रे आधुनिक श्रद्धावंताच्या जीवनाला कशी लागू होतात, हा प्रश्न सामान्यतः धर्मोपदेशाच्या क्षेत्रातला मानला जातो. वस्तुतः तो वाङ्मयप्रकाराचाही प्रश्न आहे. पत्र विशिष्ट व्यक्तीला किंवा समूहाला, विशिष्ट प्रसंगी लिहिलेले असते. पुष्कळदा ते दुसऱ्या पत्राचे उत्तर असते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास पौलाने इफिसहून करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय तर ‘तुम्ही ज्याविषयी लिहिले’ अशा आशयाच्या उल्लेखानेच सुरू होतो. करिंथकरांचे ते पत्र आज उपलब्ध नाही. उत्तर राहिले आहे, प्रश्न हरवला आहे. आणि पुढच्या प्रत्येक काळातील वाचक त्या रिकाम्या जागी आपला प्रश्न ठेवत आला आहे. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे एक मराठी उदाहरण विचारात घ्यावयाचे आहे.

या अध्यायातील एका प्रश्नाचे स्वरूप मात्र उत्तरावरून ओळखता येते. पती-पत्नींपैकी एकाने नवा धर्म स्वीकारला व दुसऱ्याने नाही, तर काय करावे? पौलाचे उत्तर सावध आहे. अश्रद्ध जोडीदार एकत्र राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये. तो स्वतः निघून जात असेल तर जाऊ द्यावे, अशा प्रसंगी श्रद्धावंत बांधलेला राहत नाही. विशेष म्हणजे हा भाग प्रभूची आज्ञा नसून आपले मत आहे, हा भेद पौल स्वतःच नोंदवतो, आणि शेवटी जोडीदाराचे तारण तुझ्या हातून होईल हे तुला कसे ठाऊक, असा प्रश्न विचारून थांबतो. तो प्रश्न आशेचा की निराशेचा, यावर भाष्यकारांचे एकमत नाही.

ही सावधगिरी पुढे टिकली नाही. कॅथलिक धर्मकायद्यात या सल्ल्यातून ‘पौलीय विशेषाधिकार’ म्हणून ओळखली जाणारी तरतूद सिद्ध झाली. भारतात 1866 साली, हेन्री मेन विधिसदस्य असताना, ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयांच्या विवाहविच्छेदाचा कायदा करण्यात आला. धर्मांतराच्या कारणावरून जोडीदार सहवास नाकारीत असेल तर धर्मांतरिताला न्यायालयात दाद मागता येई. न्यायालयाने विचारपूस करावी, विचारासाठी वर्षभराचा अवधी द्यावा आणि नकार कायम राहिल्यास विवाह मोडल्याचा हुकूम द्यावा, अशी त्याची साधारण रचना होती. पत्रातले ‘जाऊ द्यावे’ येथे अर्ज, मुदत आणि हुकूमनामा होऊन आले. (त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात श्रद्धावंतांनी आपापसांतील तंटे परक्या न्यायासनापुढे नेऊ नयेत असे बजावले आहे. प्रसंग वेगळा आहे हे खरे, तरी शेजारी शेजारी वाचताना ते खटकतेच.) स्वातंत्र्यानंतर विधी आयोगाने 1961 च्या आपल्या अठराव्या अहवालात याच कायद्याचा विचार केला.

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा हा कायदा अस्तित्वात होता. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या व पुढील काही वर्षे, मुलगा दत्तू याच्यासह, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. टिळकांनी न्यायालयाचा मार्ग धरला नाही. येथे पत्राची चौकट आणि घडलेली हकीकत यांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. पौलाच्या मांडणीत निघून जाणारा अश्रद्ध असतो; येथे घर सोडून गेला तो श्रद्धावंत. पत्नी ‘राहण्यास राजी’ होती की नव्हती, हे तिच्या नातलगांच्या घरात, त्यांच्या लोकलज्जेच्या व सोवळ्याच्या हिशेबात ठरत होते. अशी संज्ञा पत्रात नाही.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगर परिसरात पतीजवळ राहावयास आल्या, त्याही आपला स्वयंपाक व सोवळे वेगळे सांभाळून. पौलाला अभिप्रेत असलेले सहजीवन ते हेच, असे म्हणता येईल. परंतु एका छपराखाली दोन चुली ही गोष्ट करिंथला सुचलेली नसावी. लक्ष्मीबाईंचा पालट प्रथम या चुलीपाशी झाला. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हे त्यांना पटले, खाण्यापिण्याचा निर्बंध गेला, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली झाला. तारण आधी आणि पंगत नंतर, हा उपदेशकांचा नेहमीचा क्रम येथे उलटा आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला म्हणून पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, हा गलतीकरांस पत्रातील प्रसंग मला या हकीकतीला सातव्या अध्यायाहून अधिक जवळचा वाटतो.

1934 ते 1937 या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’चे महत्त्व तुलनाकाराच्या दृष्टीने याच ठिकाणी आहे. पत्र श्रद्धावंताला उद्देशून आहे. अश्रद्ध जोडीदार त्यात तृतीयपुरुषी आहे, त्याला वाचा नाही. कायद्याने त्याला विचारपुशीपुरती वाचा दिली. ‘स्मृतिचित्रे’त तोच जोडीदार प्रथमपुरुषी बोलतो, आणि पूर्वीचा आपला हट्ट, राग व भाबडेपणा यांना पश्चात्तापाचा रंग न देता, हसत हसत बोलतो. धर्मांतराच्या कथनातील ‘आधीचा अंधार, नंतरचा प्रकाश’ हा साचा त्यामुळे ढिला पडतो.

आजच्या उपयोजनातही हरवलेल्या प्रश्नाची अडचण आहेच. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न बदलता आंतरधर्मीय विवाह शक्य झाला. असा विवाह ठरत असताना घरात सातवा अध्याय वाचला जातो, तेव्हा आधीच झालेल्या विवाहाविषयीचा सल्ला होऊ घातलेल्या विवाहाला लावला जातो. विजोड जुवाविषयीचे दुसऱ्या पत्रातील वचन जोडून तो सल्ला निषेधात बदलणे मग सोपे असते. त्या वाचनात दुसऱ्या धर्माची मुलगी किंवा मुलगा पुन्हा तृतीयपुरुषीच राहतो.

दिल्लीतील तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ‘स्मृतिचित्रे’ बहुधा इंग्रजीतून भेटते, म्हणून शीर्षकांविषयी थोडे. जोसेफिन इन्कस्टर यांच्या 1950 च्या अनुवादाचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’ असे होते. हे शब्द फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात आहेत. सबंध आत्मकथनावर अशा रीतीने पौलाचा स्वर ठेवला गेला. शांता गोखले यांच्या 2017 च्या अनुवादाने मूळ मराठी नाव कायम ठेवले आणि उपशीर्षकात ‘स्पिरिटेड वाइफ’ म्हटले. पहिल्या नावात अनुयायी आहे, दुसऱ्यात पत्नी. लक्ष्मीबाईंच्या मराठी शीर्षकात यांपैकी कोणीच नाही.