पश्चिम खानदेश : नकाशावरून गेलेल्या जिल्ह्याचा अभ्यास कसा करायचा?

मी पुरुषोत्तमनगरचा. तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. पण १९५१ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्हा शोधाल तर सापडणार नाही. तेव्हा आमचा भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता आणि आज त्या नावाचा जिल्हाच नाही. संशोधनाला लागण्याआधी हा घोळ समजून घ्या.

आधी क्रम बघू. पेशवाई संपल्यावर १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे बराच काळ तो एकच जिल्हा होता, म्हणून १८८० च्या गॅझेटियरचा खानदेश खंड जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही भागांचा आहे. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. पश्चिमचं मुख्यालय धुळे. १९६० मध्ये त्याचं नाव धुळे जिल्हा झालं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला.

इथपर्यंत सोपं वाटतं. खरी गोम १९६० मध्ये आहे. त्या वर्षी १ मे रोजी मुंबई राज्याचं विभाजन झालं, तेव्हा नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली कित्येक गावं गुजरातला जोडली गेली. म्हणजे जिल्ह्याचं नाव बदललं त्याच वर्षी त्याची हद्दही बदलली. आजचे उच्छल आणि निझर हे तालुके आधी सुरत जिल्ह्यात होते, २००७ पासून तापी जिल्ह्यात आहेत. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत!

माझी चूक सांगतो. नवापूर तालुक्याचे १९५१ आणि १९६१ चे आकडे मी शेजारी-शेजारी मांडले आणि खुशीत गाईडना दाखवले. त्यांनी एकच विचारलं, "ही दोन्ही नवापूर एकच आहेत का?" मी गप्प. जी माणसं सीमा सरकल्यामुळे तालुक्याबाहेर गेली, ती गाव सोडून गेली असं मी लिहून बसलो असतो. हा आदिवासी पट्टा आहे. इथल्या स्थलांतराबद्दल चुकीचं वाक्य छापलं गेलं, की पुढचे दहा जण तेच उचलतात.

मग करायचं काय? जिल्हा हे एकक सोडा, गाव धरा. गावाच्या नावापुढे प्रत्येक जनगणनेतला तालुका, जिल्हा आणि राज्य लिहा. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गुजरातला गेलेल्या गावांची नावनिशीवार यादी आहे, ती ताडून बघा. जनगणनेच्या ए-२ तक्त्यात १९०१ पासूनचे जिल्ह्याचे आकडे त्या-त्या जनगणनेच्या हद्दीप्रमाणे जुळवून दिलेले असतात, पण कोणत्या वर्षाचा तक्ता वापरला ते नोंदवा. गावपातळीवर ही जुळवणी बहुतेक वेळा आपल्यालाच करावी लागते.

आणि हो, अर्धे कागद सीमेपलीकडे असू शकतात. धुळ्याला फाइल मिळाली नाही तर 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून मोकळे होऊ नका. सुरतेलाही विचारा. गुजराती लिपी वाचायला शिका, देवनागरी येणाऱ्याला ती फार जड जात नाही.

तुमच्या अभ्यासक्षेत्राची हद्द शेवटची कधी बदलली? आराखडा लिहिण्याआधी एवढं शोधून काढा.