लाघव आणि पाण्याखालची स्कूटर: उथळ डुबकीला किती साहित्य पुरे?

मागच्या वेळी आपण नैयायिकांचं ‘लाघव’ पाहिलं. दोन स्पष्टीकरणं सारखंच काम करत असतील तर त्यातलं हलकं घ्यावं. विनाकारण वाढवलेलं असेल तर तो ‘गौरव’ नावाचा दोष. त्यावर एका श्रोत्यानं विचारलं, की पोथीबाहेर याचा उपयोग काय? म्हणून आज आपण हे तत्त्व थेट पाण्यात नेऊन बघू.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाण्यानं भरलेल्या गुहांत उतरणाऱ्या पाणबुड्यांनी साहित्याची एक काटकसरी मांडणी रूढ केली. विल्यम हॉगार्थ मेन या पाणबुड्याच्या नावावरून तिला ‘हॉगार्थियन’ म्हणतात. लागतं तेवढंच घ्यायचं, आणि घेतलेलं अंगालगत, ठरलेल्या जागी ठेवायचं. त्याच फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, फोर्ट लॉडरडेलच्या आसपास, प्रवाळाचे खडक किनाऱ्यापासून पोहत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि पाणीही उथळ आहे. तिथे हौशी मंडळी स्कूटर घेऊन उतरतात. स्कूटर म्हणजे बॅटरीवर चालणारा पंखा. तो पुढे ओढतो, आपण मागे तरंगत जातो.

आता स्कूटर आली की काटकसर का लागते? कारण पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. पोहताना न जाणवणारी लोंबती नळी इथे ब्रेक बनते, आणि पंख्याजवळ गेली तर त्यात अडकते.

म्हणून मांडणी अशी. पाठीवर धातूची पातळ पाटी, तिच्यात ओवलेला एकच सलग पट्टा, मागे हवेची लहान पिशवी आणि एक सिलिंडर. दोन पायांमधून येणाऱ्या पट्ट्याला पुढे एक कडी असते. स्कूटरची दोरी तिथे अडकवायची. मग ओढ कमरेवर येते, हात फक्त दिशा देतात. हातांनीच ओढ घेतली तर खांदे लवकर भरून येतात. दाबमापक छातीच्या बाजूला बांधलेला. स्नॉर्केल वेगात थरथरते, म्हणून घडीचं घेऊन खिशात ठेवायचं.

बरं, मग काय काय काढून टाकायचं? इथे लाघवाची खरी अट आठवा: काम सारखंच होत असेल तरच हलकं श्रेष्ठ. सोबत्यासाठीचं दुसरं मुखयंत्र रोज वापरात येत नाही, म्हणून ते काढलं, तर ते लाघव नव्हे. ज्या दिवशी सोबत्याची हवा संपेल, त्या दिवशी त्याचं काम दुसरं काहीच करू शकत नाही. दोरी कापायची छोटी सुरी, मास्क आणि फिन्स यांनाही हाच न्याय. ‘स्कूटर आहे, फिन्स कशाला?’ असं कुणी म्हणालं, तर त्याला हा हिशोब दाखवा.

समजा स्कूटरचा वेग मिनिटाला ५० मीटर. १० मिनिटांत तुम्ही ५०० मीटर लांब गेलात आणि बॅटरी बसली. पोहण्याचा वेग मिनिटाला १५ मीटर धरला, तर परतीला ३३ मिनिटं लागतात. वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर. जाताना ४०० लिटर, येताना सुमारे १३३०. ११ लिटरचं सिलिंडर २०० बारपर्यंत भरलेलं असेल तर त्यात २२०० लिटर हवा. उरतात जेमतेम ४७० लिटर, म्हणजे ४० बारच्या थोडं वर. बंद स्कूटर ओढत, धापा टाकत परतलात तर तेही उरणार नाहीत. स्कूटर कुठवर नेऊ शकते हा प्रश्नच नाही. तिच्याशिवाय कुठून परतता येईल, तिथेच वळायचं.

तुम्ही म्हणाल, उथळच आहे, वर येऊ की! येता येतं, पण वर मोटरबोटी असतात. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार पाणबुड्यांनी खुणेचा झेंडा लावायचा, आणि मोकळ्या पाण्यात त्याच्यापासून ३०० फुटांच्या आत राहण्याचा प्रयत्न करायचा. ५० मीटर वेगानं ते अंतर दोन मिनिटांतच संपतं. म्हणून झेंड्याचा तरंगता बोया सोबत ओढत न्यावा लागतो. त्यानं विरोध वाढतो, दोरी पंख्यात जाण्याची भीती असते. तरी तो काढायचा नाही. दोरी मागे आणि बाजूला धरायची, वळताना आधी मोटर थांबवायची.

आणि ‘उथळ म्हणजे निर्धोक’ हा तर मोठाच भ्रम. पृष्ठभागावर दाब १, दहा मीटरवर २, वीसवर ३. म्हणजे दाब दुपटीनं बदलतो तो याच पहिल्या दहा मीटरमध्ये. श्वास रोखून तिथून वर आलात तर फुप्फुसातली हवा दुप्पट व्हायला बघते. जेमतेम दीड मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. वर येण्याचा सांगितला जाणारा वेग मिनिटाला ९ मीटर. स्कूटरचं तोंड वर केलंत तर तेच दहा मीटर १२ सेकंदांत संपतील. म्हणून वर येताना मोटर बंद, श्वास चालू, आणि फिन्सनी सावकाश. खाली जातानाही घाई नको, कानांना दाब जुळवायला वेळ लागतो. शिवाय स्कूटरवर अंगाला मेहनत नसते, म्हणून थंडी लवकर वाजते. सूट थोडा जाड घ्यावा.

तारकर्लीला आपल्यापैकी अनेकांनी पहिली डुबकी मारली असेल. तिथे प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो. स्कूटरवर तसा हात नसतो. म्हणून हे व्याख्यान प्रशिक्षणाच्या जागी धरू नका. आधी बिनस्कूटरचं पोहणं पक्कं करा, मग योग्य शिक्षकाकडे जा. सामान मांडताना मात्र प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा: बॅटरी बसली, सोबती अडचणीत आला, तर ही लागेल का? उत्तर ‘हो’ असेल तर ती वस्तू कितीही क्वचित वापरात येवो, तिला गौरव म्हणू नका.

पुढच्या वेळी आपण लाघवावर मीमांसकांचं म्हणणं पाहू. प्रश्न असतील तर आता विचारा.