लाकडावरचे आटे

लेथवर फिरणाऱ्या लाकडाला पटाशी एका जागी टेकवली की खाच पडते. तीच पटाशी सरकवत नेली की लाकूड गोल आणि गुळगुळीत होते. पलंगाचे पाय, कठड्याचे दांडे, पाळण्याच्या कांबी, लाटणी, भोवरे, सगळे काही या दोन हालचालींतून निघते. पिळाचा खांब मात्र त्यांतून निघत नाही. पीळ पडायचा तर लाकडाचा एक फेरा आणि हत्याराची पुढची सरक यांची गाठ पक्की बांधलेली हवी. लाकूड एकदा फिरेल तेवढ्यात हत्यार ठरलेले अंतर पुढे गेलेच पाहिजे, आणि दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या वेळीही त्याच खाचेतून गेले पाहिजे. हातात धरलेल्या पटाशीला हे साधत नाही. लेथ मिनिटाला १००० फेरे घेत असेल आणि पिळाचा एक वेढा १५० मिलिमीटर लांबीचा हवा असेल, तर पटाशी सेकंदाला अडीच मीटर धावावी लागेल.

म्हणून कामाची वाटणी उलटवावी लागते. लाकूड हाताने सावकाश फिरवायचे, आणि कापणारे पाते स्वतःच गरगर फिरत राहील असे करायचे. आज ते पाते राउटरचे असते. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेणारे हे यंत्र आता लहान गावातल्या सुताराकडेही असते. राहते ती फेरा आणि सरक यांची गाठ. ती घरी बांधता येते, आणि चोपड्यासारख्या गावात तर फार सहज बांधता येते, असे माझे ठाम मत आहे. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले हे तालुक्याचे गाव. सुतारकाम, वेल्डिंग, सायकल-मोटारसायकलची दुरुस्ती आणि जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग ही सगळी कामे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर चालतात. लेथ आणि राउटर यांची गाठ बांधणाऱ्या जोडयंत्राला याहून काही लागत नाही.

यंत्राकडे वळण्याआधी पिळाची जुनी रीत पाहायला हवी, कारण पीळ राउटरच्या आधीपासून आहे. गोल कातलेल्या दांड्यावर लांबीच्या दिशेने चार सरळ रेघा मारायच्या. वेढ्याच्या लांबीचे चार समान भाग करून आडव्या रेघा काढायच्या. मग एका रेघेवरून पुढच्या रेघेवर एक-एक भाग चढत तिरप्या रेषा जोडायच्या, किंवा कागदाची पट्टी तिरपी गुंडाळून तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. त्या रेषेवर बारीक करवतीने ठरलेल्या खोलीपर्यंत काप घ्यायचा, गोल पटाशीने दोन्ही बाजू उतरवायच्या आणि कानशीने घासायचे. काम चिवट आहे, पण कसलेल्या हाताला ते जमते. १७ व्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावर आबनुसाच्या खुर्च्या बनत. त्यांचे दांडे पिळाचे असत. त्या खुर्च्या इंग्लंडला गेल्या, आणि पुढे १८ व्या शतकात इंग्रज लेखक होरेस वॉलपोल यांनी त्या ट्यूडर काळातल्या इंग्रजी खुर्च्या समजून आपल्या स्ट्रॉबेरी हिलच्या घरात मांडल्या. इंग्रजी टेबल-खुर्च्यांच्या पायांना पीळ चढण्याची लाट १६६० नंतरची आहे. त्याच सुमारास, १६६१ च्या तहाने, मुंबई बेट पोर्तुगालकडून इंग्लंडला आंदणात गेले आणि १६६२ मध्ये पोर्तुगालची राजकन्या, ब्रागांझाची कॅथरीन, इंग्लंडची राणी झाली. गोव्यातल्या चर्चच्या वेदीमागे सोनेरी पिळाचे खांब ज्यांनी पाहिले असतील, त्यांना त्या काळच्या आवडीची कल्पना येईल.

युरोपात ही गाठ यंत्राने बांधण्याचे प्रयत्नही जुने आहेत. १५७० च्या दशकात छापलेल्या झाक बेसाँ यांच्या यंत्रांच्या चित्रग्रंथात आटे पाडणारी लेथ आहे. १८०० च्या सुमारास हेन्री मॉड्स्ले यांच्या लेथने धातूवरच्या आट्यांचा प्रश्न सोडवला. लाकूड आणि हस्तिदंतासाठी लंडनच्या होल्ट्झॅपफेल घराण्याने १७९५ पासून लेथ विकल्या. त्यांच्या नक्षीच्या लेथवर वरून दोरीने फिरणारे छोटे पाते असे, आणि लेथचा स्पिंडल व पाते सरकवणारा स्क्रू यांना दातेरी चाकांची माळ जोडता येई. राउटरच्या जोडयंत्राचा आराखडा तोच आहे, फक्त दोरीच्या जागी विजेची मोटर आली. अमेरिकेत सीअर्स कंपनीने क्राफ्ट्समन नावाखाली राउटर क्राफ्टर हे घरगुती यंत्र विकले. त्यात चाकांच्या माळेऐवजी वायर होती.

खानदेशासाठी मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो दाखला मात्र शोभेच्या सामानातला नाही, कापसातला आहे. सरकी काढायची लाकडी हातचरकी घ्या. चौकटीत एकावर एक अशा दोन लाटा, मध्ये केसभर फट. कापूस आत ओढला जातो, रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे पडते. दोन लाटा एकमेकींच्या उलट दिशेने फिरायला हव्यात. चीनमध्ये १३१३ च्या वांग झेन यांच्या शेतीविषयक ग्रंथातल्या चरकीत दोन माणसे दोन मुठी फिरवतात आणि तिसरे माणूस कापूस घालते. भारतीय चरकीला एक मूठ पुरते, एकच माणूस एका हाताने फिरवतो आणि दुसऱ्या हाताने कापूस घालतो. कारण दोन्ही लाटांच्या टोकांना लाकडातच आटे कोरलेले असतात आणि ते एकमेकांत अडकून फिरतात. मुघल काळापर्यंत ही रचना उपखंडात रुळली होती. त्याही आधीचे, एकाच लाटेचे साधन अजिंठ्याच्या ५ व्या शतकातल्या चित्रात दिसते, असे जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी दाखवले आहे. अजिंठा चोपड्याच्या जिल्ह्याच्या वेशीलाच लागून आहे.

आता त्या आट्यांची भूमिती नीट पाहा. समांतर बसलेल्या दोन लाटा आट्यांनी अडकून उलट फिरायच्या तर एकीचा आटा उजवा आणि दुसरीचा डावा असावाच लागतो. दोन्ही उजवे केले तर ते एकमेकांवर चढतील. म्हणजे चरकी घडवणाऱ्या सुताराला डाव्या-उजव्या आट्यांची, तंतोतंत सारख्या वेढ्याची जोडी हाताने कोरावी लागे. एक वेढा जरा लांबला तर लाट अडे. पलंगाच्या पायाचा पीळ थोडा चुकला तर डोळा माफ करतो, चरकी तसे करत नाही. हे काम गावोगावचे सुतार करत होते आणि त्याला कोणी कलाकुसर म्हणत नव्हते. दख्खनच्या उसाच्या लाकडी चरकातही बाभळीच्या दोन उभ्या लाटांचे दाते असेच एकमेकांत अडकत. त्या लाटांना नवरा-नवरी म्हणत. पुढे १८४० च्या मॅकार्थी यांच्या रोलर जिनच्या घराण्यातली लोखंडी यंत्रे आली, वाफेची शक्ती आली, आणि लाकडी आटे कोरणारा हात मागे पडला. त्या हाताचे कसब नोंदले गेले नाही, याची मला खंत वाटते.

तर, जोडयंत्र. पहिली गोष्ट गाडीची. लेथच्या बिछान्याच्या दोन्ही बाजूंना, कामाच्या वर, दोन समांतर पोलादी नळ्या बसवायच्या. त्यांवर बेअरिंगवर धावणारी प्लायवूडची गाडी, आणि गाडीत पाते खाली करून बसवलेला राउटर. पात्याचे टोक बरोबर लेथच्या अक्षावर यायला हवे. ते अर्धा मिलिमीटर जरी बाजूला गेले तरी खाच एका अंगाला कलते. टेलस्टॉकच्या टोकदार सेंटरवर पात्याचे टोक आणून हे तपासता येते.

दुसरी गोष्ट गाठीची, आणि इथे दोन वाटा आहेत. सोपी वाट वायरची. स्पिंडलच्या मागच्या टोकाला एक ढोल बसवायचा, त्यावर मोटारसायकलच्या क्लचची वायर तीन-चार वेढे गुंडाळायची, आणि तिची दोन्ही टोके दोन बाजूंनी गाडीला बांधायची. ढोल फिरला की गाडी सरकते. एका फेऱ्यात ती ढोलाच्या परिघाएवढी सरकते. मात्र परीघ मोजताना ढोलाच्या व्यासात वायरची जाडी मिळवावी लागते, कारण ताण वायरच्या मध्यरेषेवर असतो. १५० मिलिमीटरचा वेढा हवा आणि वायर २ मिलिमीटरची असेल, तर ढोल ४५.७५ मिलिमीटर व्यासाचा कातायचा. तो ज्या लेथला जोडायचा त्याच लेथवर कातावा, शिसवात किंवा बाभळीत. वायर ढोलावरून आडवी निघते आणि गाडीला लांबीच्या दिशेने ओढायची असते, म्हणून वळणावर दोन छोट्या खोबणीच्या चाकांची गरज पडते. दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक आणि वायर ताणायला टर्नबकल.

दुसरी वाट आटे असलेल्या सळईची. बाजारात मिळणाऱ्या २० मिलिमीटरच्या सळईला अडीच मिलिमीटरचे आटे असतात. १५० मिलिमीटरच्या वेढ्यासाठी लाकडाच्या एका फेऱ्यामागे सळई ६० वेळा फिरायला हवी. इथे बहुतेकांची गल्लत होते. ते स्पिंडल फिरवून सळई पळवायला जातात आणि यंत्र हलतच नाही. मूठ सळईला लावायची, आणि ६० ला १ असा वर्म गिअरबॉक्स घालून स्पिंडल तिच्यामागून सावकाश फिरवायचा. काटकोनाच्या वळणाला बेव्हल गिअरची जोडी लागते. वेढा बदलायचा असेल तर मध्ये सायकलची साखळी घालावी, पुढचे ४४ दात्यांचे चाक आणि मागची १८ दात्यांची फ्रीव्हील. फ्रीव्हील वेल्डिंग करून घट्ट करायला विसरू नये. नाही तर उलट्या दिशेला ती नुसतीच टकटकत फिरते आणि खाच बिघडते. वायर थोडी ताणते, सळई ताणत नाही. बारीक कामाला सळई बरी, पण पहिले यंत्र वायरचेच करावे, असे मी म्हणेन.

एकाच दांड्यावर दोन-तीन-चार पीळ हवे असतील तर ढोल आणि स्पिंडल यांच्यामध्ये २४ भोकांची चकती घालावी. खिळा काढून चकती पुढच्या भोकात अडकवली की पुढच्या पिळाची सुरुवात मिळते. २४ ला २, ३, ४, ६, ८ आणि १२ ने भाग जातो. पाते निवडताना एक हिशेब करावा लागतो. ६० मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर १५० च्या वेढ्यात चार पीळ घेतले, तर लांबीच्या दिशेने दोन खाचांत ३७.५ मिलिमीटर दिसतात. पण खाच तिरपी जाते, त्यामुळे तिच्या काटकोनात मोजलेले अंतर साधारण २९ मिलिमीटरच भरते. पाऊण इंची गोल पाते घेतले तर खाचांमधली कड १० मिलिमीटरची उरते. लांबीवरून हिशेब केला तर ती १८ ची वाटते, आणि मग दांडा अपेक्षेपेक्षा बारीक निघतो.

लेथच्या मोटरचा पट्टा या कामाआधी काढूनच ठेवायचा आणि प्लग उपसायचा. नुसती कळ बंद करणे पुरेसे नाही. वायरने गाडीला बांधलेली लेथ चुकून सुरू झाली तर राउटर कुठे फेकला जाईल सांगता येत नाही. खाच एका दमात खोल नेऊ नये, दर खेपेला दोन-तीन मिलिमीटर पुरे. साखळी आणि गिअर यांत थोडी ढिलाई असतेच, म्हणून कापायचे ते एकाच दिशेने. परत येताना पाते वर उचलावे.

लाकडाची निवड सातपुड्याने आपल्यासाठी सोपी केली आहे. हेदू पिवळसर आणि एकसारख्या पोताचा असतो, त्यावर खाचेची कड स्वच्छ निघते. शिसव उत्तम. सागात सिलिका असते, ती साधे पोलादी पाते लवकर बोथट करते, त्यामुळे कार्बाइडचेच पाते वापरावे आणि तोंडाला मास्क लावावा. अंजन इतका जड आणि कठीण, की पहिल्या कामाला घेऊच नये. जुन्या वाड्यांचे उतरवलेले सागवान अनेक वर्षे वाळलेले असते, म्हणून ते फार चांगले. पण त्यात खिळे बुजलेले असतात. लोहचुंबक फिरवल्याशिवाय अशा लाकडाला पाते लावू नये.

पोकळ पिळाचे खांब हवे असतील तर आधी दांड्याला लांबीच्या दिशेने भोक पाडावे आणि त्यात लाकडी दांडी घट्ट ठोकून ठेवावी. खाचा भोकापर्यंत पोचल्या की पट्ट्या सुट्या होतात आणि थरथरू लागतात. आतली दांडी त्यांना धरून ठेवते, काम झाल्यावर ती काढून घ्यायची. घासकामाला कापडी पॉलिश पेपरची लांब पट्टी खाचेतून मागेपुढे ओढावी. कापायला लागतो त्याहून जास्त वेळ याला लागतो, कारण पिळाच्या एका अंगाला रेषा नेहमी उलट्या येतात आणि तंतू उभे राहतात.

डाव्या पिळासाठी वायर ढोलावर उलट गुंडाळायची, बाकी काही बदलायचे नाही. दारापाशी दोन खांब समोरासमोर उभे करायचे तर अशी जोडी हवीच. आणि मला वाटते, या जोडयंत्रावर पहिले खरे काम चरकीच्या लाटांचे करावे. शिसवाचे दोन सारखे दांडे, एकच ढोल, एक खेप सुलट आणि एक उलट. चौकटीत ते समांतर बसवून मूठ फिरवली की गाठ किती पक्की बांधली गेली ते लगेच कळेल. आटे आधी कोरावेत आणि लाटांचा मधला, कापूस ओढणारा भाग नंतर कातावा. लाटांमधली फट आटे अडकल्यावरच ठरते, आणि ती सरकीपेक्षा अरुंद राहील एवढेच लाकूड काढायचे असते.